काडेपेटीतले हिरवे खडे

११ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र लिहायचं मी कितीदा टाळलं ते सांगितलं तर तू पुढचं वाचणारच नाहीस, म्हणून सांगत नाही. कागद आणला, तो पावाच्या पुडीखाली गेला. दुसरा आणला, त्याच्यावर समोरच्या गॅरेजमधल्या कुत्र्याचं चित्र काढलं. (एक कान उभा, एक आडवा. त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही, पण कुठल्याही नावाने हाक मारली की येतो. मला हे फार आवडतं.) मग पेनातली शाई सुकली. आता कागद, पेन आणि मी तिघं एका जागी आहोत, तर मुद्द्याचं आधी लिहून टाकते, नाहीतर पुन्हा कुत्र्याकडे जाईन.

मी जिवंत आहे. पोट दुखत नाहीये. आणि मी ऑपरेशन करून घेणार नाही.

झालं. आता बाकीचं सावकाश.

त्या सकाळी वॉर्डात माझी खाट रिकामी बघून तू काय केलंस ते मला इथून दिसतं. तू आधी चादर सरळ केली असशील. मग तो मागून उघडा असलेला झगा उचलला असशील. तो मी घडी करून उशीवर ठेवला होता, हे तरी बघितलंस ना? अगदीच काही बेशिस्त नाही मी. मग तू भाऊजींना फोन केला असशील आणि ते म्हणाले असतील, "घाबरली असेल गं."

तर ऐक. मी घाबरले नव्हते. सुरीला तर मुळीच नाही. नर्सरीत कलमं करायचे तेव्हा अंगठा अर्धा कापला होता, तो मीच रुमालाने बांधून संध्याकाळपर्यंत काम केलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू टाके घातले असतेस.

मी बाथरूममध्ये जात होते आणि तू तुझ्या सर्जन सरांशी बोलत होतीस, त्या औषधांच्या ट्रॉलीपाशी. सर म्हणाले, "तिला एकदा समजावून सांगू का सगळं?" आणि तू म्हणालीस, "तिला नका विचारू सर, ती हो-नाही करत बसते. मी सांगते ना."

बस. तेवढंच.

तू ऑपरेशन थिएटरमध्ये सगळी हत्यारं कशी ओळीने मांडतेस, चिमटे एकीकडे, कात्र्या एकीकडे, तशी त्या दिवशी तू मला मांडलीस. मी काही चिमटा नाही.

पित्ताशयात खडे पाच आहेत. तांदळाच्या दाण्याएवढेसुद्धा नाहीत. दुखलं एकदाच, तेही तुझ्या घरी, तुझ्याच हातचं तळलेलं खाऊन. आता म्हणशील बारीक खडेच जास्त वाईट, निसटून पित्ताच्या नळीत जातात. हे तू मला दहादा सांगितलंयस. सांगितलंयस, विचारलं एकदाही नाहीस.

आणि अजून एक. मला तुझ्या सासूबाईंसारखं व्हायचं नाहीये. पित्ताशय काढून घ्यायचं, त्यातले खडे मधाच्या बाटलीत भरायचे, बाटली टीव्हीवर ठेवायची आणि आलागेला पाहुणा धरून दाखवायची, "मोजा, मोजा, सतरा आहेत." त्या वायरमनने खरंच मोजले होते. आठवतंय? बिचारा फ्यूज बदलायला आला होता.

मी कुठे आहे ते पाकिटामागे लिहिलंय. साबणाच्या कारखान्यात लागले आहे. माझी नोकरी म्हणजे सर्दी, आठवड्यात जाते, असं तू म्हणतेस. बघू या. खोली एका घड्याळाच्या दुकानावर आहे. न्यायला येऊ नकोस.

भिंगरी


५ मार्च

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा राग मला पाठ आहे, आधी भांडी वाजतात आणि मग चार महिने काहीच वाजत नाही.

तरीही लिहितेय, कारण मी नुसती पळालेली नाही, मी उपाय करतेय, हे तुला कळलं पाहिजे. इथे एक डॉक्टरीणबाई आहेत. दवाखाना पायऱ्यांवर आहे, म्हणजे धाप लागत पोचलो की अर्धं निदान तिथेच. मी माझी सोनोग्राफी पुढे केली. (हो, ती मी उशाखालून घेऊन आले होते. पोट माझं, फोटो माझा.)

त्या म्हणाल्या, "काढायला कोणी सांगितलं?"

"बहिणीनं."

"बहीण काय करते?"

"ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे."

"मग बरोबर सांगितलंय."

मी उठलेच. तर म्हणाल्या, "बस गं. उठायची फार घाई दिसते तुला." मग त्यांनी पॅडवर एक पिशवी काढली, चांगली नव्हती काढली, वांग्यासारखी दिसत होती, आणि म्हणाल्या, "ह्या पिशवीत पित्त साठतं. तू जेवलीस की ती आकसते आणि रिकामी होते. तू जेवलीच नाहीस तर पित्त तिथेच पडून राहतं, घट्ट होतं, गाळ बसतो. तू जेवतेस कधी?"

"भूक लागली की."

"आणि लागते कधी?"

तुला माहीतच आहे, मी कधी सकाळी काहीच खात नाही, कधी दुपारी चारला पाव आणि रात्री पुन्हा पावच. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर काढून टाकलं असतं."

"पण तुम्ही माझ्या जागी नाही आहात."

"तेच तर म्हणतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून तुला विचारतेय. काय करायचंय?"

ताई, एवढा साधा प्रश्न. खिडकीत एक काचेचा पेला होता, त्यात पेन्सिली होत्या, सगळ्यांची टोकं खाली. मी त्या पेन्सिलींकडे बघत बसले आणि मग म्हटलं, "थांबून बघायचंय."

त्यांनी मान हलवली. खूश होऊन नाही, नुसतीच. पित्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या. विरघळण्याजोगे खडे असले तर विरघळतील, पण महिनोन्महिने लागतील, कदाचित दोन वर्षं, आणि गेले तरी परत होणारच नाहीत असं काही नाही. तिन्ही वेळा जेवायचं, घड्याळ बघून. उपास नाही, झटपट बारीक व्हायचं नाही, तळलेलं आणि तुपकट कमी, पण तेल अगदी बंदही नाही, कारण पिशवी आकसायला थोडं लागतं. आणि मग बोट नाचवून म्हणाल्या, "ताप आला, हुडहुडी भरली, डोळे पिवळे झाले किंवा दुखणं थांबेचना, तर पायऱ्या चढून माझ्याकडे यायचं नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलात. तेव्हा तुझं थांबून बघणं संपलं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मला अटी चालतात. मला विचारून घातलेल्या अटी.

आता गंमत बघ. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी साडेसात. मी, जिला एका गावात दोन पौर्णिमा निघत नाहीत, ती घड्याळ लावून उकडलेल्या भाज्या खातेय. खालच्या दुकानात साठ-सत्तर घड्याळं आहेत आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून मी गॅरेजच्या भोंग्यावर जेवते. कुत्राही त्याच भोंग्यावर येतो. अर्धा पाव त्याचा.

भिंगरी


२७ मार्च

ताई! ताई! ताई!

आधी पाकिटातली काडेपेटी उघड. हळूच.

बघितलेस? हे खडे. माझे. पडले. बाहेर पडले, ताई, एकही टाका न घालता! आणि पाच नाहीत, पेलाभर. त्यातले निवडक पाठवलेत. तुझ्या सरांना दाखव. तुझ्या सासूबाईंनाही दाखव, म्हणावं सतराच ना तुमचे?

आता झालं कसं ते सांगते. खाली घड्याळकाका आहेत ना, दुकान त्यांचं. डोळ्याला ते भिंग लावून बसतात आणि बोलताना काढत नाहीत, त्यामुळे त्यांचा एक डोळा तुमच्याशी बोलतो आणि दुसरा कुठल्यातरी चाकाशी. मी भोंग्यावर उठून जेवायला पळते हे बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तर म्हणाले, "हात्तिच्या! गोळ्या कसल्या खातेस? मी सहा वर्षांपूर्वी चाळीस काढले. मशीन कधी उघडायचं नसतं पोरी. तेल घालायचं."

मी म्हटलं, "काका, तुम्ही दिवसभर लोकांची घड्याळं उघडूनच बसलेले असता."

"ती घड्याळं आहेत," ते म्हणाले.

त्यांनी खणातून डबी काढून दाखवले. हिरवे, वाटाण्यासारखे. अगदी जपून ठेवलेत, खाली कापूस घालून. मग उपाय सांगितला. दिवसभर काही खायचं नाही, पोट साफ व्हायचं मीठ घ्यायचं आणि मग पेलाभर तेल आणि पेलाभर लिंबाचा रस, एका दमात. चव विचारू नकोस. एकदा मी बोटीवरच्या कँटीनमध्ये होते तेव्हा चुकून भांडी घासायचं पाणी प्यायले होते, ते ह्यापेक्षा बरं होतं. उलट्या झाल्या, जुलाब झाले, भिंती फिरल्या. आणि मग खडे. हिरवेगार!

आता सांग, कोण हो-नाही करत बसतं?

तुझं पार्सल मिळालं. थिएटरच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं थर्मामीटर, बरोबर चिठ्ठी नाही, काही नाही. कापड झटकून बघितलं मी, दोनदा. ताप बघायला सांगतेस का? आता कशाला लागतोय! तरी ठेवलंय. कापडाचा पडदा शिवलाय.

जिंकलेली,
भिंगरी


१९ एप्रिल

ताई,

काडेपेटी फेकून दे. सरांना दाखवली असशील तर माझं नाव घेऊ नकोस.

आता हे तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. मी गावभर मिरवत होते. थोडे खडे वाटीत घालून कारखान्यात नेले, मालकिणीला दाखवायला. मालकीण म्हणजे काय बाई आहे, तुला सांगते. हात कोपरापर्यंत कास्टिक सोड्याने पांढरे पडलेले, आवाज असा की भट्टी पेटलेली असली तरी ऐकू जातो. ती साच्यातला साबण तारेने कापत होती, म्हणाली ठेव तिकडे, बघते. मी वाटी कढईच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथे उबेला आम्ही सुगंधाच्या बाटल्या ठेवतो. आणि विसरले, कारण तेवढ्यात पिंपांची गाडी आली आणि त्या ड्रायव्हरला एक असं गाणं येत होतं ज्याला शेवटच नव्हता. ते जाऊ दे.

दुपारी मालकीण ओरडली, "ए भिंगरी! हा कुठला घाणा लावलास तू?"

वाटीत खडे नव्हतेच. हिरवं ओशट पाणी होतं. पातळ. मी म्हटलं अहो माझे खडे कुणी घेतले, तर ती वाटीत बोट बुडवून दुसऱ्या बोटावर घासतेय. मग नळाखाली धरलं. बुळबुळीत.

"कसले खडे?"

मी सांगितलं. तेल, लिंबू, मीठ, पोट, सगळं.

ताई, ती बाई हसता हसता खाली बसली. खरंच, पोत्यावर. "तेल घातलंस, आंबट घातलंस, पोटातले क्षार होतेच, आणि आत ऊब. अगं, साबण केलास तू! कच्चा साबण! दोन महिने माझ्याकडे ढवळतेयस आणि साबण ओळखला नाहीस? आणि वास बघ, मी ह्याला गिऱ्हाईक कुठून आणू?"

कारखान्यात सगळ्या हसत होत्या. मीही हसले असते, पण मला त्या काडेपेटीची आठवण झाली. तिकिटं लावून, वर "हळू हाताळा" लिहून, साबणाच्या कारखान्यातल्या पोरीने स्वतःच्या पोटात साबण बनवून थिएटरमधल्या सिस्टर बहिणीला पोस्टाने पाठवला. हे माझ्याशिवाय कुणाला जमलं असतं?

तरी खात्री नको? मी घरी येऊन उरलेला एक चमच्यात धरून मेणबत्तीवर धरला. लोण्यासारखा गेला. खरा खडा असा जाईल का? सासूबाईंची बाटली वर्षानुवर्षं टीव्हीवर तापतेय, त्यातला एक तरी वितळला?

डॉक्टरीणबाईंकडे गेले. हसल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "एवढं तेल एकदम घातलंस म्हणजे पिशवी जोरात आकसली. एखादा खडा त्या धक्क्याने नळीत जाऊन बसला असता तर आज तू इथे नसतीस, ड्रिपखाली असतीस. मी तुला थांबायला सांगितलं होतं, ढोसायला नाही." पुन्हा सोनोग्राफी केली. पाच. पाचच्या पाच, तिथेच, मजेत.

मी खाली येऊन घड्याळकाकांना सांगितलं. सांगायला नको होतं का? पण ते अजून चार जणांना पाजतील. ते म्हणाले, "तुझे साबण असतील. माझे खडे आहेत." मी म्हटलं, "मग चमच्यात धरू या एक." त्यांनी डबी खणात टाकली, किल्ली फिरवली आणि भिंग डोळ्यावरून काढलं. पहिल्यांदाच बघितले त्यांचे दोन्ही डोळे. माझ्याशी बोलत नाहीत तेव्हापासून.

आता तुला वाटत असेल, आली वळणावर. नाही. काकांचं चुकलं, माझं चुकलं, म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. तेल पिऊ नकोस असं तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं, काकांनी सांगितलं ते मी ऐकलं, दोन्ही वेळा मूर्खपणा माझाच होता आणि माझा होता म्हणून मला तो कळला. गोळ्या चालू आहेत. आठ, एक, साडेसात. मी मागे हटलेली नाही.

भिंगरी


१३ जून

ताई,

अक्षर तिरकं आलंय कारण आडवी पडून लिहितेय. ऊन फार आहे म्हणून.

सगळं छान. मालकिणीने दोन दिवस सुट्टी दिलीय, सहजच. खिडकीतून गॅरेज दिसतं. कुत्रा आज तीनदा जिन्यावर येऊन गेला, माझा भोंगा चुकला ना, म्हणून. तुझं थर्मामीटर छान चालतं. काही नाही, पडल्या पडल्या लावून बघितलं. ताप नाही. परत लावलं, नाहीच.

घड्याळकाका आज बोलले. दारात उभे राहिले आणि डाळीचं पातळ पाणी ठेवून गेले. मी विचारलं, काका, माझे डोळे पिवळे दिसतात का हो? त्यांनी भिंग लावून बघितलं, चांगला वेळ घेऊन, एकेक डोळा. म्हणाले, "नेहमीसारखेच. आगाऊ."

तू कशी आहेस? अजून डबल ड्यूटी करतेस? पाय सुजत असतील. रात्री पायाखाली उशी घे.

भिं.


२९ ऑगस्ट

ताई,

मागच्या पत्रात मी खोटं बोलले होते. तुला कळलंच असेल, तू बँडेज सोडायच्या आधी जखम ओळखतेस.

दुखलं. मालकिणीच्या भावाने नवीन दुकान उघडलं, त्या दिवशी सकाळपासून आम्ही खोकी उचलत होतो, आठचं गेलं, एकचं गेलं, आणि चार वाजता तळलेल्याचं ताट समोर आलं. मला माहीत होतं. मी खाल्लं. कुणी भरवलं नाही, मीच. तासाभरात उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ घालून पिळायला लागलं, पाठीपर्यंत. त्या खोक्यांवरच वाकून बसले. ताई, तेव्हा मला तू हवी होतीस. सिस्टर नव्हे, तूच. लिहायचं नव्हतं हे, पण शाईत आहे आता.

मालकीण मला त्या पायऱ्या चढवत घेऊन गेली, जवळजवळ उचलून. वर पोचेपर्यंत कळ उतरत आली होती. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळी मोकळी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे दुसरं. तिसरं आलं तर मी तुझ्या बहिणीच्या बाजूने." मी म्हटलं, "तिसरं आलं तर मीही." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी पहिल्यांदाच काहीतरी शहाण्यासारखं बोलले.

म्हणून मी तेव्हा लिहिलं नाही. तू "बघ" म्हणाली असतीस, आणि ते मला झेपलं नसतं.

आता आजचं. आज पुन्हा सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाईंनी ते थंड चिकट जेल लावलं आणि यंत्र इकडून तिकडे फिरवत राहिल्या, मी छताला दिसणारे डाग मोजत राहिले, मग मोजणं सोडून दिलं. त्या म्हणाल्या, "तीन."

"तीन काय?"

"तीन दिसतायत. पाचाचे तीन. आणि जे आहेत ते आधीपेक्षा बारीक. पिशवीची भिंत चांगली आहे."

मी टेबलावरून उतरायला निघाले तर म्हणाल्या, "नाचू नकोस. तीन म्हणजे शून्य नव्हे. गोळ्या चालू, जेवण चालू, आणि मी सांगितलेलं सगळं चालू."

मी नाचले नाही. पायऱ्या उतरून खाली आल्यावर नाचले, थोडी. घड्याळकाकांना सांगितलं. ते आता त्यांच्याकडे जातात, डॉक्टरीणबाईंकडे, माझ्यामागून गुपचूप जाऊन आले. त्यांचे जे होते ते सगळे जिथल्या तिथे आहेत म्हणे, सहा वर्षं. डबी अजून खणात आहे पण किल्ली लावत नाहीत.

तर ताई, हे माझं शेवटचं म्हणणं, नीट वाच. मी हट्टाने जिंकले असं मी म्हणत नाही. उद्या ताप आला, डोळे पिवळे झाले, तिसऱ्यांदा दुखलं, तर मी काढून घेईन. तुझ्याच थिएटरमध्ये घेईन. तूच हत्यारं मांड, तुझ्याइतकी सरळ ओळ कुणाची नसते. पण त्या टेबलावर मी माझ्या पायांनी चढेन आणि चढण्याआधी मला कुणीतरी विचारलेलं असेल. हो म्हणायचा हक्क मला हवाय, ताई. नाही म्हणायचा तर मी घेतलाच. आणि साबणाच्या नोकरीचं म्हणशील तर सहा महिने झाले मला इथे. सर्दी गेली नाही अजून

थांब. जिन्यावर कुणीतरी आहे. कुत्रा भुंकत नाहीये, म्हणजे ओळखीचं कुणीतरी, किंवा त्याला पाव देणारं.

*

ताई, कागद मांडीवर धरलाय म्हणून अक्षर असं. कळ नाहीये, घाबरू नकोस.

तुझ्या सासूबाई आल्यात.

एकट्या. एका हातात काठी, एका हातात पिशवी, आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. जिना चढून धापा टाकत होत्या. मी म्हटलं, "मावशी! तुम्ही? कोणाबरोबर आलात?"

"माझ्याबरोबर."

"ताईला माहीत आहे?"

खाटेवर बसल्या, चपला काढल्या, पाय चोळले, आणि मग म्हणाल्या, "तिला कशाला विचारायचं? ती हो-नाही करत बसते."

ताई, हे तर तुझंच वाक्य! मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या पत्रात होतं ना ते वाक्य. पण मला ते आधीपासून पाठ आहे. माझ्या वेळीही तेच. तीच ट्रॉली, तेच सर. माझा मुलगा आणि तुझी बहीण बाहेर, मी आत, दार उघडं. 'आईंना नका विचारू.' चांगली माणसं आहेत गं दोघं. चांगली माणसंच असं बोलतात."

मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "काढलं ते बरंच झालं. तुझ्या दसपट दुखायचं मला, आठवड्याला दोनदा. विचारलं असतं तर मी हो म्हटलंच असतं. पण विचारलं असतं तर म्हटलं असतं ना."

मग त्यांनी टॉवेल सोडला. आत ती मधाची बाटली. मी ज्या बाटलीला सहा महिने हसतेय तीच. खिडकीत ठेवली, थिएटरच्या हिरव्या पडद्याला लागून.

"मावशी, ही कशाला आणलीत एवढ्या लांब?"

"शुद्धीवर आले तेव्हा एका पोरीने विचारलं, आजी, खडे घरी नेणार का? मी म्हटलं, हो." त्यांनी बाटली जराशी फिरवली. "त्या सगळ्या प्रकारात मला विचारलेली ती एकच गोष्ट. आणि माझं एकच हो. ते मी टीव्हीवर ठेवणार नाही तर काय करणार?"

मी जवळ जाऊन बाटली नीट बघितली. कुत्रा वर आला होता, तोसुद्धा बाटलीकडेच बघत होता.

त्यांनी पिशवीतून पुढे एक कागदाचा बोळा काढला. उलगडला तर काडेपेटी. तेलकट, हिरवे डाग पडलेली, चपटी झालेली. म्हणे तू ती टाकली नाहीस, तुझ्या कपाटात घड्याळ-अंगठ्यांच्या डब्यात ठेवली होतीस. आणि माझी पत्रं तू दोनदा वाचतेस म्हणे, एकदा मनात आणि एकदा त्यांना ऐकू जाईल अशी. आणि उत्तर लिहायला बसतेस, कागद सरळ करतेस, कडा जुळवतेस, आणि उठतेस.

लिही ना ताई. वाकडं लिही.

घरी शोधाशोध चालली असेल तर थांबवा, मावशी माझ्याकडे आहेत. साडेसातचा भोंगा झाला, दोघी भाज्या खातोय, त्यांनी मीठ कमी म्हणून दोनदा तोंड वाकडं केलंय. परत कधी जाणार म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करतात. खाली घड्याळकाका विचारून गेले, बाटलीतले खरे आहेत का. मावशींनी सांगितलं, "मोजा."

तेव्हा आता तू ये. न्यायलाच ये, माझी ना नाही. फक्त दारात उभी राहून आधी विचार. दोघींना वेगवेगळं विचार. मावशी काय म्हणतील ते मला माहीत नाही, आणि माझंही अजून ठरलेलं नाही.

भिंगरी